आगमनकाळात नाताळची गाणी म्हणावीत का? (ऑर्गनवाला रजेवर, निवड माझ्या गळ्यात)

नगरकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे, पण इथे गाण्याबद्दल भांडायला सदैव तयार असलेली माणसं आहेत म्हणून इथेच विचारते.

मी मूळची नगरची. घर सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीचं, म्हणजे लहानपणापासून उपासनेला पेटी, तबला, झांजा. गेली अकरा वर्षं जर्मनीत, सॅक्सनीतल्या एका छोट्या गावात आहे. इथे लुथरन (सोळाव्या शतकातल्या मार्टिन लुथरला मानणाऱ्या) चर्चमध्ये जायला लागले, कारण गावात दुसरं चर्च नाही आणि रविवारी सकाळी दुसरं काही उघडंही नसतं.

आमचा कांटोर म्हणजे ऑर्गन वाजवणारा, कॉयर बसवणारा आणि गाणी निवडणारा असा तीन-इन-वन माणूस, तोही तीन गावांत मिळून एकच. तो सप्टेंबरपासून लांब रजेवर गेलाय. ऑर्गनला शेजारच्या गावातून एक कॉलेजची मुलगी येते, पण तिचं म्हणणं सरळ आहे: नंबर द्या, वाजवते. नंबर कोण देणार? पाळकबाईंनी तिघांची समिती नेमली: मी, पितळी वाद्यांच्या पथकाचे म्होरके आणि ८४ वर्षांच्या एक आजी. काम एवढंच, की आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून ६ जानेवारीपर्यंतची गाणी ठरवायची.

मला वाटलं, चहा पिता पिता होईल. तीन बैठका झाल्या, अजून दुसऱ्या रविवारवर अडकलोय.

ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चर्चचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी होतं. तिथून नाताळपर्यंत आगमनकाळ. वेदीवर जांभळं कापड, उपासनेतलं ग्लोरिया हे स्तुतिगीत बंद, सगळं जरा आवरून. प्रत्येक रविवारचे शास्त्रपाठ ठरलेले असतात, आणि २०१८ च्या आगमनकाळापासून जी नवी मांडणी लागू झाली तिच्यात प्रत्येक रविवारला दोन गाणी नेमून दिलेली आहेत. त्यातलं निदान एक घ्यावं अशी अपेक्षा. उरलेली तीन-चार आपण निवडायची. आमच्या गीतपुस्तकात सगळ्या जर्मनीला सामाईक अशी ५३५ गाणी आहेत. १ ते २२ आगमनकाळाची, २३ पासून नाताळ.

भांडण त्या २२ आणि २३ मधल्या रेघेवर आहे. आजींना ४६ नंबर, म्हणजे 'श्टिले नाख्ट' (आपलं 'सायलेंट नाइट'), आगमनकाळातच हवं. पथकवाले म्हणतात, २४ डिसेंबरच्या संध्याकाळआधी त्या गाण्याचा एक सूरही माझ्या भोंग्यातून निघणार नाही. दोघंही माझ्याकडे बघतात.

तर सांगा, कडक राहावं का? आणि दुसरं: तिसऱ्या रविवारी एक मराठी भजन घ्या असं पाळकबाईंनी स्वतः सुचवलंय. कोणत्या प्रकारचं घ्यावं?

---

पेटीवाला

चर्चमधलं मला काही कळत नाही, पण पथकवाले काका बरोबर आहेत. काकडा कार्तिकात म्हणतात म्हणून काकडा. तो चैत्रात लावला तर नुसती पहाटे झोपमोड. आमच्याकडे भजनाला बसलो की आधी रूपाचा अभंग, मग बाकीचे, भैरवी शेवटी. एकदा एका उत्साही बुवांनी मध्येच भैरवी घेतली, तर अर्धी माणसं उठून चपला शोधायला लागली.

अवांतर: ऑर्गनची पट्टी कोणती असते?

---

खवचट काका

आमच्या सोसायटीत गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत कोळीगीतं, नवरात्रात पंजाबी आणि दिवाळी पहाटेला 'हॅपी बर्थडे' वाजलेलं आहे. त्यामानाने तुमचे आजीबाईंचे चार आठवडे काहीच नाहीत. म्हणू द्या हो.

---

नगरकरीण

@खवचट काका, इथल्या दुकानांत नाताळचा मसालेदार केक सप्टेंबरातच येतो, लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात तो विकत घेतात. पथकवाले त्यावरच चिडलेत. म्हणतात, बाजाराने सगळं पुढे ओढलंय, निदान चर्चने तरी थांबावं.

@पेटीवाला, पट्टी प्रत्येक गाण्याची वेगळी. पुस्तकात दिलेली असते, पण आमचा कांटोर गुपचूप एक सूर खाली घ्यायचा, कारण मंडळीचं सरासरी वय सत्तर. नव्या मुलीला ते अजून जमत नाही. परवा वरच्या ओळीला नुसता ऑर्गन ऐकू आला.

---

मध्यलय

रुमाल टाकून ठेवतो, संध्याकाळी सविस्तर लिहितो. बाखचा विषय निघाल्याशिवाय हा धागा राहणार नाही.

---

खवचट काका

तुम्ही काढल्याशिवाय राहणार नाही असं म्हणा.

---

मध्यलय

काढलाच. नगरकरीणताई, तुमच्या शेजारच्या लाइपझिगमध्ये हा प्रश्न तीनशे वर्षांपूर्वी सोडवलेला होता. बाख १७२३ साली तिथे कांटोर झाला. दर रविवारी उपासनेत वाद्यवृंदासह कँटाटा, म्हणजे गायकांची एक रचना, व्हायचा. पण आगमनकाळाचा पहिला रविवार झाला की पुढचे तीन रविवार कँटाटा बंद, नाताळपर्यंत. उपवासकाळातही (ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत) तेच. म्हणजे ज्या शहरात दर आठवड्याला बाखचं नवं संगीत कानावर पडायचं, तिथे नाताळच्या तोंडावर तीन आठवडे शांतता. आणि मग २५ डिसेंबरला पडघम आणि तुताऱ्या. १७३४ च्या नाताळातला ऑरेटोरिओ, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदाची मोठी धार्मिक रचना, ऐका. तो सलग ऐकायला लिहिलेलाच नाही, सहा भाग सहा वेगवेगळ्या दिवसांचे आहेत: नाताळचे तीन दिवस, १ जानेवारी, त्यानंतरचा रविवार आणि ६ जानेवारी. आपण आज दोन सीडींवर सलग ऐकतो, म्हणजे नवरात्राच्या नऊ माळा एकाच दिवशी घालण्यासारखं.

अर्थात त्या तीन आठवड्यांत बाख आणि त्याची कॉयरची पोरं नाताळची तालीम करत असणार, हा व्यावहारिक भाग आहेच.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. त्या ऑरेटोरिओच्या पहिल्या भागातलं पहिलं कोराल (मंडळीच्या गाण्याची चाल घेऊन बांधलेलं) म्हणजे 'वी झोल इश दिश एम्प्फांगेन', तुझं स्वागत कसं करू, पाउल गेरहार्टचं आगमनकाळाचं गाणं. ते बाखने ज्या चालीत बांधलंय ती आज कुणीही ऐकली की म्हणेल, अरे ही तर 'ओ हाउप्ट फोल ब्लूट उंड वुंडेन'ची, उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची), काट्यांच्या मुकुटाची चाल! बाळ अजून जन्मलेलं नाही आणि चालीत क्रूस आलेला आहे. ही चाल मुळात १६०१ सालचं हासलरचं प्रेमगीत. एका मुलीने माझं मन गोंधळवून टाकलंय, अशा अर्थाचं. प्रेमगीत, मग मरणाचं गीत, मग प्रभूच्या दुःखाचं, आणि बाखच्या हातात नाताळचं.

म्हणून ऋतूची रेघ पाळा, पण चालींना रेघ नसते.

---

निमूट वाचक

चाल चोरण्यात आपण मागे आहोत असं उगाच वाटत होतं.

---

पेटीवाला

चोरी कसली? आमच्याकडे निम्मी भजनं नाट्यपदांच्या चालीवर आहेत, आणि निम्मी नाट्यपदं मुळात ठुमरी-लावणीच्या. चाल ज्याच्या गळ्यात बसली त्याची.

---

काडीपेटी

ते लुथर स्वतः दारूच्या गुत्त्यातल्या चाली चर्चमध्ये आणायचा म्हणे. मग ४६ नंबरचं एवढं काय घेऊन बसलात?

---

मध्यलय

ही थाप जगभर फिरते. जुन्या जर्मन गाण्यांच्या एका रचनेला 'बार' म्हणतात: पहिला भाग, तोच पुन्हा, मग वेगळा तिसरा. त्या बारचा अर्थ कुणीतरी गुत्ता असा घेतला आणि लुथर बसला ग्लास घेऊन!

खरी गोष्ट जास्त मजेची आहे. 'फॉम हिमेल होख' हे नाताळचं गाणं त्याने १५३५ मध्ये छापलं तेव्हा एका लौकिक, कोडं घालण्याच्या गाण्याची चाल घेतली होती. मी परदेशातून आलोय, नवी बातमी आणलीय, असं ते मूळ गाणं. देवदूताच्या तोंडी ते चपखल बसतं. पण १५३९ मध्ये त्याच गाण्याला नवी चाल दिली गेली, आणि आज तीच गातात.

बाकी त्याच्या बऱ्याच चाली चर्चच्या जुन्या लॅटिन स्तोत्रांतून आलेल्या. तुमचं आगमनकाळाचं ४ नंबर घ्या, 'नुन कॉम'. ते चौथ्या शतकातल्या अँब्रोजचं लॅटिन गीत, लुथरने १५२४ साली जर्मनमध्ये आणलं. त्याच वर्षी लुथरन मंडळींचं पहिलं गीतपुस्तक निघालं, त्यात गाणी होती फक्त आठ.

---

खवचट काका

आठ गाणी! समितीची एकच बैठक.

---

नगरकरीण

'फॉम हिमेल होख'ला पंधरा कडवी आहेत. मारुतीचं शेपूट. आमची मंडळी पाचव्या कडव्याला घड्याळ बघायला लागते. मग कोणती गाळायची यावर चौथी बैठक.

---

मध्यलय

ते मुलांसाठी लिहिलेलं आहे, नाटुकलं धरूनच. पहिली कडवी देवदूताची, नंतरची त्याला उत्तर देणाऱ्या मुलांची. मधली काढली की देवदूत बोलतच राहतो आणि मुलं गप्प. त्यापेक्षा वाटून द्या: देवदूताची कडवी एका मुलीला, उरलेली मंडळीला.

---

मिनेसोटावासी

माझी बायको नॉर्वेहून चार पिढ्यांपूर्वी आलेल्या लुथरन घरातली, मी डोंबिवलीचा. तिच्याबरोबर जाऊन जाऊन मलाही हे वर्ष पाठ झालंय. इथे आगमनकाळात बऱ्याच चर्चमध्ये जांभळ्याऐवजी निळं कापड असतं. शास्त्रपाठ तीन वर्षांच्या चक्राने फिरतात. गीतपुस्तक २००६ चं, लाल.

तुमच्या भांडणाचं उत्तर इथे मुलांनी देऊन टाकलंय. डिसेंबरातल्या एका रविवारी रविवारच्या शाळेची मुलं अंगावर चादरी गुंडाळून मेंढपाळ होतात आणि नाताळची सगळी गाणी म्हणून मोकळी होतात. कुठलाही पाळक चार वर्षांच्या मेंढराला सांगू शकत नाही की थांब, अजून आगमनकाळ आहे.

पण उपवासकाळात मात्र सगळे कडक. त्या दिवसांत 'हालेलुया' हा शब्द उपासनेत येत नाही. आमच्याकडे मुलं तो कागदावर रंगवतात, पेटीत घालतात आणि पेटी पुरून टाकतात. खरंच, चर्चच्या मागच्या अंगणात. थंडीने जमीन दगड झाली असेल तर कपाटात. ईस्टरला बाहेर काढायची. एका वर्षी गाणी निवडणाऱ्या बाईंनी नजरचुकीने तिसऱ्या रविवारी असं गाणं घेतलं की प्रत्येक ओळीच्या शेवटी हालेलुया. छापून झालं होतं. पाळकांनी उभं राहून सांगितलं, तो शब्द आला की ओठ मिटून 'हं हं हं' म्हणायचं. दोनशे माणसं मन लावून हंहंहं करत होती. माझी मुलगी पाच वर्षांची होती, तिला अजून तो सगळ्यात चांगला रविवार वाटतो.

---

निमूट वाचक

ऑफिसात हसलो. साहेबांनी बघितलं.

---

रोखठोक

मराठी संकेतस्थळावर जर्मन चर्चच्या गाण्यांचा काथ्याकूट कशासाठी? इथे संबंध काय?

---

तंजावुरी

संबंध मी सांगतो. जेवढा वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. मी तंजावरच्या मराठी घरातला. आमचं मराठी तुम्हाला ऐकायला विचित्र वाटेल म्हणून लिहिताना सांभाळून लिहितो.

१७०६ साली दोन जर्मन लुथरन मिशनरी तरंगंबाडीला उतरले. तिथे डेन्मार्कचा किल्ला होता, आणि अवतीभवती राज्य तंजावरच्या भोसल्यांचं. त्याच परंपरेतला श्वार्ट्झ १७५० मध्ये भारतात आला आणि पुढे तंजावरला राहिला. तुळजाराजांनी मरताना आपला दत्तक मुलगा त्याच्या हवाली केला. तो मुलगा म्हणजे सरफोजी, सरस्वती महाल ग्रंथालयवाला. सरफोजी ख्रिस्ती झाला नाही, पण श्वार्ट्झ गेल्यावर त्याने लंडनच्या फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं. तंजावरच्या चर्चमध्ये ते आजही आहे: म्हातारा पाळक खाटेवर पडलेला आणि मराठा राजाने त्याचा हात धरलेला. एकदा जाऊन बघा.

आता गाण्याचं. श्वार्ट्झने तिरुनेलवेलीकडून आणलेला दुसरा मुलगा वेदनायगम शास्त्री, १७७४ चा जन्म, म्हणजे सरफोजीच्या बरोबरीचा. तो पुढे दरबारात कवी होता. त्याआधी तमिळ लुथरन मंडळींत जर्मन कोराल तमिळ शब्दांत, पण जर्मन चालीवर म्हणत. याने कर्नाटक रागतालात ख्रिस्ती पदं बांधली. कुरवंजी हा देवळातल्या नाचगाण्याचा प्रकार घेऊन 'बेत्लेहेम कुरवंजी' लिहिली. इकडे सरफोजीने त्याच साच्यात मराठीत 'देवेंद्र कुरवंजी' लिहिली, तिच्यात जगाचा भूगोल आहे! एकाच गावात, एकाच काळात, एकाच साच्यात एकाने बेथलेहेम भरलं, दुसऱ्याने नकाशा.

गोष्ट इथे गोड करून संपवत नाही. नंतर आलेल्या तरुण मिशनऱ्यांचं आणि शास्त्र्यांचं कडाक्याचं भांडण झालं. त्यांना ही पदं उपासनेत नको होती, हा त्यांचा कोतेपणा. पण त्यांना चर्चमध्ये जातीप्रमाणे वेगळं बसणंही नको होतं, आणि तिथे शास्त्री जातीच्या बाजूने उभे राहिले. गाण्यात जो मोकळा, तो बसण्याच्या जागेत नव्हता.

---

रोखठोक

हे माहीत नव्हतं. माझा प्रश्न मागे.

---

खवचट काका

या संकेतस्थळावर कुणीतरी प्रश्न मागे घेतला! तारीख लिहून ठेवा.

---

चौथा बाक डावीकडून

नगरकरीणताई, मीही नगरचाच. चर्चात माझा बाक कोणता हे नावावरून कळलं असेल.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हातच लावला नाही, म्हणून लिहितो. टिळकांचं भजन घ्या. रेव्हरंड ना. वा. टिळक लुथरन नव्हते, आपल्या नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे. पण ते काही आड येत नाही. मिशनऱ्यांच्या भाषांतरित गाण्यांत मराठी माणसाचा गळा अडकतो हे त्यांनी ओळखलं आणि अभंग-ओवीच्या अंगाने लिहिलं. 'उपासना संगीत' असेलच तुमच्याकडे.

कोणतं हे सांगत नाही, कसं हे सांगतो. एक: ध्रुवपद छोटं हवं, सहा-सात शब्दांचं. तेवढंच जर्मन मंडळीला द्या, कडवी तुम्ही एकट्याने म्हणा. पुढच्याने म्हणायचं, मागच्यांनी झेलायचं. दोन: चाल शुद्ध स्वरांची घ्या. कोमल ऋषभ लागला की ऑर्गनवाली पोरगी घाबरेल. खरं तर ऑर्गन नकोच. पेटी आहे का? तीन: ध्रुवपद त्यांच्या लिपीत छापा आणि खाली एक ओळ अर्थ. चार: ठेका धुमाळी, लय आवरून. टाळ्यांचा मोह सोडा, तुम्ही आगमनकाळात आहात. पाच: दोनदा आधी म्हणून घ्या, उपासना सुरू व्हायच्या अगोदर, कोट काढता काढता.

आमच्याकडे पुण्याच्या एका पाहुण्या कॉयरने आधी न शिकवता भजन सुरू केलं. झेलायला कुणीच नाही. त्यांनी ध्रुवपद अकरा वेळा म्हटलं, दर वेळी जरा जास्त केविलवाणं.

---

नगरकरीण

@चौथा बाक, पेटी आहे! आईची. विमानात मांडीवर घेऊन आणली होती. थंडीत चर्चमध्ये काढली की दोन सूर चिकटतात, आधी अर्धा तास हीटरजवळ ठेवावी लागते. आणि तुम्ही कोणत्या बाकावरचे ते मला बहुतेक कळलंय, तुमच्या पुढच्या बाकावर माझे मामा बसायचे.

---

चौथा बाक डावीकडून

ते प्रार्थनेत झोपायचे तेच का?

---

नगरकरीण

तेच. :)

---

हळदीकुंकू

मुद्द्यावर येऊ का? सगळे गाण्याचं बोलताय, आजींना कुणी विचारलं का, त्यांना ते गाणं आधीच का हवंय? माझ्या सासूबाई गणपतीच्या आधी आठवडाभर रोज आरती म्हणायच्या. आम्ही हसायचो. नंतर कळलं, ऐन दिवशी पाहुण्यांच्या स्वयंपाकात त्यांना आरतीला उभं राहायलाच मिळायचं नाही.

---

मध्यलय

+१. हा प्रश्न आपण पुरुषांनी विचारायला हवा होता.

नगरकरीणताई, एक विनंती मात्र. काहीही वगळा, पण १६ नंबर वगळू नका, 'दी नाख्ट इस्ट फोरगेड्रुंगेन'. रात्र सरत आलीय, दिवस आता दूर नाही, अशी त्याची सुरुवात. योखेन क्लेपरचं, १९३८ साली छापलेलं. त्याची बायको जन्माने ज्यू होती. १९४२ च्या डिसेंबरात तिची आणि तिच्या मुलीची हद्दपारी टळत नाही असं दिसल्यावर तिघांनी घरातच एकत्र मरण पत्करलं. तेही आगमनकाळातच. हे गाणं 'श्टिले नाख्ट'ची जागा अडवत नाही, पण २२ पर्यंतची गाणी नुसती वेटिंग रूम नाहीत हे त्याच्यावरून कळतं.

---

नगरकरीण

हे मी तीन वर्षं गातेय आणि मला माहीत नव्हतं. पुस्तकात खाली बारीक अक्षरात नाव आणि साल असतं, तेवढंच.

@हळदीकुंकू, तुमचं वाचून काल आजींकडे गेले. कॉफी, केक, तासभर गुडघ्यांविषयी. मग विचारलं. उत्तर एका वाक्यात: '२४ तारखेला संध्याकाळी बस नसते.' त्या गावाबाहेरच्या वस्तीत राहतात. दुपारनंतर बस बंद, रस्त्यावर बर्फ. गेली चार वर्षं त्यांनी नाताळच्या आदल्या संध्याकाळची उपासना रेडिओवर ऐकलीय. इथे त्या उपासनेच्या शेवटी दिवे मंद करतात, घंटा सुरू होतात आणि सगळे उभे राहून 'ओ डू फ्रॉलिशे' म्हणतात. त्या म्हणाल्या, रेडिओबरोबर एकटीने उभं राहायला लाज वाटते, म्हणून बसूनच म्हणते. त्यांच्यासारख्या वस्तीवर अजून पाच जणी आहेत. माणसांबरोबर गायला मिळतं ते फक्त आगमनकाळात, म्हणून ते गाणं आगमनकाळात हवंय.

मी हे समितीत सांगितलं. पथकवाले बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'माझ्या गाडीत आठ माणसं बसतात. तुतारी मांडीवर घेईन.'

---

पेटीवाला

तुमच्याकडे सगळेच वाद्यं मांडीवर घेऊन प्रवास करतात वाटतं.

---

मिनेसोटावासी

मग आगमनकाळात ४६ नाही?

---

नगरकरीण

रविवारच्या उपासनेत नाही. पण दुसऱ्या आठवड्यात बुधवारी दुपारी ज्येष्ठांची कॉफी असते, तिथे म्हणणार, तिन्ही कडवी. ती उपासना नाही, त्यामुळे पथकवाल्यांच्या तत्त्वाला धक्का नाही. ते स्वतः येणार नाहीत म्हणाले होते, आता केक आणतो म्हणतात.

---

काडीपेटी

म्हणजे पळवाट काढली. कडक राहायचं तर कडक राहा.

---

चौथा बाक डावीकडून

पळवाट नाही हो. घरात एकादशी असली तरी आजारी माणसाला भात देतातच की. त्याने एकादशी मोडत नाही.

---

मध्यलय

आणि २०२३ आठवा: चौथा आगमन-रविवार २४ डिसेंबरलाच आला होता. सकाळी २२ च्या आत, संध्याकाळी २३ च्या पुढे. कॅलेंडरलाच कधी कधी रेघ कुठे मारावी ते कळत नाही.

---

नगरकरीण

त्या सकाळी आम्ही मोजून अकरा जण होतो, पाळकबाई धरून. बाकी गाव बदक भाजत होतं.

---

नगरकरीण

(पुन्हा मीच. पहिला रविवार काल झाला, वृत्तांत द्यायला आलेय.)

गाणी ठरलेली: सुरुवातीला १, शास्त्रपाठानंतर ४, उपदेशानंतर १६, शेवटी ११, म्हणजे मध्यलय यांचं 'वी झोल इश'. आमच्या चर्चमध्ये भिंतीवर लाकडी फळा आहे, त्याच्या खाचेत आकड्यांच्या पाट्या सरकवायच्या. पाट्या जुन्या, दोन-तीन हरवलेल्या. नऊची वेगळी पाटी नाही. सहाच उलटा लावला की नऊ.

पाट्या मी लावल्या. शिडीवरून, आधीच उशीर झाला होता.

१६ च्या जागी १९ लागलं. ऑर्गनवाल्या मुलीकडे कागद होता, तिने १६ सुरू केलं. मंडळीने फळा बघून १९ उघडलं. तेही आगमनकाळाचंच, त्यामुळे कुणाला लगेच शंका आली नाही. पहिली ओळ दोन्ही गाण्यांची एकदम झाली. पुढच्या बाकावरून आजींनी मागे वळून, मोठ्याने, सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं सांगितलं: 'सोळा! बाईने सहा उलटा लावलाय!' मुलगी थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी एक सूर खाली. कुणी शिकवलं तिला देव जाणे, पण शेवटच्या कडव्यापर्यंत सगळ्यांचा आवाज पोचला.

तिसऱ्या रविवारच्या भजनाचं ध्रुवपद छापायला दिलंय. पेटी हीटरजवळ.

---

खवचट काका

सहाच्या पाटीला खालून रेघ मारून ठेवा.

---

नगरकरीण

मारली. आजींनी आज सकाळी लाल मार्कर पाठवला.